मधल्या फटीत

सागने नदी सेंट लॉरेन्सला मिळते
तिथे पूल नाही.
म्हणून रात्रंदिवस फेरीबोटी,
दहा मिनिटांचं पाणी, ट्रक, सायकली, पेंगणारी मुलं,
आणि खाली, बोटीच्या पोटात, तेवीस वर्षं
माझे वडील, रोझेर.

घरीही ते इंजिनच्या वरूनच बोलायचे.
मीठ मागितलं की अख्ख्या तादुसाकला कळायचं
आज आमच्याकडे सूप अळणी झालंय.
पाहुणे दचकायचे. आम्ही नाही.
आई, गिलेन, त्यांच्या दोन वाक्यांमधल्या फटीत
आपलं एक वाक्य सरकवायची,
दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसं.
पोचलं नाही तर तेच पुन्हा.
तिसऱ्यांदा फक्त शेवटचा शब्द.

त्या उन्हाळ्यात मला कड्यावरच्या तंबूत काम मिळालं.
पाण्यात सोडलेला माइक, कानांवर हेडफोन,
वहीत तीन रकाने: वेळ, बोट, बेलुगा.
पांढरेफेक देवमासे, राखेच्या रंगाची पिल्लं,
आणि बोलणं केवढं! शिट्ट्या, करकर,
तेल न घातलेली बिजागरी,
ओल्या काचेवरून बोट ओढल्यासारखं काहीतरी.

मग धक्क्यावरून फेरी सुटायची.
आधी नुसती गुरगुर, मग सगळं पाणीच इंजिन.
आणि त्यात ते आवाज चढवायचे,
लांबवायचे, तेच ते पुन्हा म्हणायचे.
कुणी पट्टी बदलायचं,
गोंगाटाच्या डोक्यावरून जाईल अशी.
कुणी गप्प, फट सापडेपर्यंत.
मी रकाने भरत होते
आणि समोर सारखं आमचं जेवणाचं टेबल.

पिल्लाला साद घालणाऱ्या आईचा आवाज मुळात बारीक.
तो बुडाला की मी वहीत टिंब द्यायचे.
टिंबांची पानं झाली.
वडिलांना ती वही कधी दाखवली नाही.
त्या बोटीवर आमची चूल पेटत होती.

ऑगस्टात एका दुपारी चार तासांचा संप झाला.
दोन्ही काठांवर बोटी बांधलेल्या, ड्रायव्हर गवतात आडवे.
वडील कामाच्या कपड्यांतच कडा चढून आले,
करायला काहीच नाही म्हणून.
मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.
पाणी असं मोकळं मी आजवर ऐकलं नव्हतं,
आणि कळपानं खरंच आवाज खाली आणला होता,
घरात पाहुणे गेल्यावर बोलतात तसा.

ते ऐकत राहिले. मान तिरकी, डोळे मिटलेले.
"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं,
आणि कड्यावरचे पक्षी उडाले.
"तुम्हाला ऐकू येत नाहीये?"
"पाणी येतंय ऐकू. नुसतं पाणी."

तेवीस वर्षांनी त्यांच्या कानांतून
वरच्या पट्टीचं सगळं कधीच निघून गेलं होतं.
बारीक शिट्ट्या, किटलीची वाफ,
कदाचित माझं लहानपणीचं रडणं.
मी काही बोलले नाही.
लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.
पडद्यावर आवाज उमटतो, उजवीकडून डावीकडे सरकतो.
केसाएवढी एक रेघ वर जाऊन वाकली.
तिच्याखाली, जरा उशिरानं, तिच्याहून फिकी दुसरी.

त्यांनी तेलकट बोट पडद्याच्या जवळ नेलं,
टेकवलं नाही.
"ही आई?"
पुटपुटले.
त्यांना पुटपुटता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.
रेघा इतक्या पुसट होत्या, म्हणून असेल.
मी मान हलवली. ते म्हणाले, "आणि आम्ही सुटलो की?"
मी वही उघडली. टिंबांचं पान.
त्यांनी दोन पानं उलटली, तिसरं नाही.

साडेचारला भोंगा झाला. ते उतरून गेले.
चार चाळीसला गुरगुर. मी वेळ लिहिली,
बोटीच्या रकान्यात नाव लिहायला मात्र
जरा वेळ लागला.

रात्री जेवताना ते इतक्या हळू काही म्हणाले
की शेजारी बसून मलाही नीट कळलं नाही.
आई स्वयंपाकघरातून ओरडली,
"काय? मोठ्यानं बोल ना, रोझेर,
काही ऐकू येत नाहीये!"